न कटलेला फोन

आई,

फोनवर तुला सावकाश बोलताना मी कधी पाहिलंच नाही. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरच्या बाल्कनीत पदर कमरेला खोचून तू सांगलीच्या मामाशी अशी बोलायचीस, जणू कुणी मागे लागलंय. "बरी आहे, तू बरा ना, आईचे गुडघे? बरं, ठेवते." शेजारी बाबा मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून उभे, मिनिट भरायच्या आत बोट वर करायला. गावाहून परतल्यावर पोचल्याचा नुसता मिस्ड कॉल द्यायचा, एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू कर. मामाने एकदा चुकून पहिल्याच रिंगला उचलला, तर तू ओरडलीस, "उचललास कशाला मेल्या, पैसे गेले ना!" आणि तसाच ठेवून दिलास. आणि ते इंटरनेटचं बटण! भाजी चिरता चिरता तुझ्याकडून एकदा दाबलं गेलं, तर विस्तवावर हात पडल्यासारखी किंचाळलीस आणि बाबांनी धावत येऊन फोनची बॅटरीच काढली. बॅलन्स वाचला की नाही ते आठवत नाही. त्या रात्री आपण तिघंही जेवताना हसत होतो, एवढं आठवतं.

तू गेलीस आणि काही वर्षांत ते इंटरनेट पाण्याच्या भावाने मिळायला लागलं. खरं तर पाण्याच्या भावाने म्हणणंही चूक आहे, कारण आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीत टँकर त्याहून महाग पडतो. बाबा रिटायर होऊन माझ्याकडे राहायला आले तेव्हा मी त्यांना मोठ्या स्क्रीनचा फोन घेऊन दिला आणि वर्षभराचा रिचार्ज मारला. रोजचा डेटा रोज वापरायचा, उरला तर दुसऱ्या दिवशी मिळत नाही, असा तो प्लॅन. ताटात एक शीत न टाकणाऱ्या माणसाला हे कसं सोसावं? जेवण झालं की ते डेटा संपवायला बसायचे. आपले शुद्ध शाकाहारी बाबा, मालवणच्या बायका सुरमई कशी कापतात ते तासन्‌तास बघायचे. मी विचारलं, "बाबा, हे काय बघताय?" तर म्हणायचे, "अगं, उरलाय अजून." फुकट ते पौष्टिक, असं तूच म्हणायचीस ना? मला त्याचं हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. ऑफिसातून दमून आल्यावर घरातलं म्हातारं माणूस कशात तरी रमलेलं असणं किती सोयीचं असतं, हे तुला सांगायला नको.

गेल्या थंडीत त्यांच्या खोलीचं दार दोन दिवस बंद राहिलं. कणकण वाटतेय, झोपतो, म्हणाले. मी ताट दाराशी ठेवलं की ते आत घ्यायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी लवकर घरी आले आणि दाराशी चहा घेऊन उभी असताना आतून त्यांचा आवाज ऐकला. "सर, बाथरूम जाने की अनुमति चाहिए." मी दार ढकललं. बाबा खुर्चीवर ताठ बसले होते, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, नोकरीत असताना मंत्रालयात निघायचे तसे. समोर गोळ्यांच्या डब्याला टेकवलेला फोन, त्याला चार्जर, आणि स्क्रीनवर खाकी वर्दीतला एक माणूस. "कौन आया? बोला था ना, कोई अंदर नहीं आएगा." मी फोन ओढून बंद केला. बाबा माझ्यावर ओरडले, "परवानगी न घेता कट केलास? आता तुझ्यावरही केस होईल!"

याला डिजिटल अरेस्ट म्हणतात, आई. पोलिसाचं सोंग घेतलेला चोर व्हिडिओ कॉल करतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये बंदी असलेला माल सापडलाय म्हणतो, आणि चौकशी होईपर्यंत फोनसमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, असा हुकूम सोडतो. दुसऱ्या एखाद्याने शिवी हासडून फोन आपटला असता. पण बाबांना फोनवर नोटीस आली होती, तीवर फाइल नंबर, जावक क्रमांक, खाली शिक्का. मी ती नंतर पाहिली. "ड्राफ्टिंग अगदी बरोबर होतं गं," बाबा मला म्हणाले. जन्मभर वरून आलेला कागद मान खाली घालून पुढे सरकवत आलेला माणूस, शिक्का बघितल्यावर हलणार कसा? शिवाय सहकार्य केलं नाही तर मुलीला ऑफिसमधून उचलू, अशी धमकी होती. माझ्यासाठी ते बसून राहिले होते. रात्रीही दिवा चालू ठेवून झोपले होते, त्या माणसाला दिसावं म्हणून.

चौकशीच्या नावाखाली त्याने बाबांकडून भरून घेतलेले पैसे गेले, ते मी सोडून दिलेत. मला छळतं ते वेगळंच. आपल्या वेळी हा फोन चार मिनिटांत बॅलन्स संपून आपोआप कटला असता. चोरालाही परवडला नसता. दोन दिवस अखंड चालू राहील इतका स्वस्त फोन मी त्यांच्या हातात दिला, हौसेने. तक्रार द्यायला गेलो तेव्हा खरा पोलीस चांगला होता बिचारा, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सहज म्हणाला, "अंकल, आप तो पढ़े-लिखे हो, यार." तेव्हापासून बाबा फारसं बोलतच नाहीत. फोन मला परत करून टाकला. मामाचा आला तरी मानेनेच नको म्हणतात. सगळं खोटं होतं, तो माणूस चोर होता, हे मी शंभरदा सांगितलं. "हो, कळलं," म्हणतात. पण बाहेर जाताना दाराशी थांबतात. पंखा लावायच्या आधी माझ्याकडे बघतात.

हे सगळं तुला का लिहितेय? पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. मामाला सांगता येत नाही, नवऱ्याला सांगून झालंय, आणि बाबा किती बदललेत हे कळणारं तुझ्याशिवाय कुणी नाही. तुझ्यासमोर ते असे कधीच नव्हते.

आज सकाळी टेबलावर पोहे ठेवले. बाबा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. बराच वेळ. मग हळूच विचारलं, "बसू का?" त्यांना जवळ घ्यायला हवं होतं, रडायला हवं होतं, निदान रागवायला तरी हवं होतं. मला ऑफिसला उशीर होत होता. मी म्हटलं, "हो, बसा."