मोरपंखी ठराव

६ मार्च २०१६, रविवार
सात महिने एक ओळ लिहिली नाही. माफी असावी. कारण प्रामाणिक आहे: हाती चांगला पेन नव्हता. घरात बॉलपेन चार होते, पण बॉलपेनानं मनातलं लिहिता येत नाही. काल मांजरसुंब्याला जाऊन कुरिअर सोडवून आणलं. जाड निबचा फाउंटन पेन आणि शाईच्या तीन बाटल्या: निळी-काळी, जांभळी, मोरपंखी. शाळेतला टाकही माळ्यावरून काढला.
संकल्प: रोज एक पान. अक्षर मोकळं ठेवणे. शाई अंथरुणावर न नेणे.

७ मार्च
चादर भिजत घातली तर डाग निघेल. पण चादर भिजवण्याइतकं पाणी घरात नाही. विषय तात्पुरता बंद.

९ मार्च
दूध संस्थेची बैठक. मी सचिव. गावात दूध राहिलेलं नाही, संस्था राहिली आहे. चेअरमन सुंदररावांनी मांडलं की संस्थेनं चारा छावणी काढावी. सर्वानुमते मंजूर. आता ठराव लिहून तहसील कचेरीत द्यायचा, साहेबांनी सही केली की छावणी सुरू. सुंदरराव म्हणाले, "मन्मथ, तुजं अक्षर चांगलं हाय. उद्याच्याला देऊन टाक."
घरी सांगितलं. बायको नीलम्मा गोठ्यात होती. कपिली तिच्या माहेरची गाय, लग्नानंतर वासरू म्हणून आलेली. आता फासळ्या दिसतात. नीलम्माचा भाऊ चन्नप्पा म्हणून गेला आहे की महिनाअखेर छावणी निघाली नाही तर तो पिकअप आणून कपिलीला बाजारात नेईल, इथं उपाशी ठेवणार नाही. नीलम्मा मला म्हणाली, "आजच लिवा की."
आज शक्य नाही. निब अजून बसलेला नाही.

१२ मार्च
ठराव सुरू केला. निळी-काळी शाई गंभीर दिसते, पण ओरडून मागितल्यासारखी वाटत नाही. पेन रिकामा करून धुतला. एक तांब्या गेला. नीलम्मानं तांब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "टँकर आठ दिसांनी येतो. आन् तुमी लेखणीला आंगोळ घालताव?"
मी समजावलं की निबमध्ये जुनी शाई राहिली तर नवीन रंग मळकट येतो. तिनं ते पाणी उचलून कपिलीपुढं ठेवलं. कपिली प्यायली. जीभ निळी झाली. सुंदररावांनी रस्त्यावरून पाहिलं आणि विचारलं, दुधाला वेगळा भाव लावायचा का.
संकल्प: पेन फक्त टिपकागदानं पुसणे.

१४ मार्च
जांभळी लग्नपत्रिकेसारखी दिसते. रद्द.
मोरपंखी मात्र! उन्हात धरली तर बिंदुसरेच्या धरणात पाणी असायचं तेव्हाची आठवण येते. पाण्याच्या मागणीला पाण्याचा रंग. (मागणी चाऱ्याची आहे, पण छावणीत पाणीही लागतंच.)
एक शंका मन खातेय. हिरवी शाई साहेब लोकांनीच वापरायची असते. मोरपंखी म्हणजे हिरवी का? 'शाईप्रेमी' व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. नाशिकचे एक जण निळी म्हणाले, साताऱ्याच्या बाई हिरवी म्हणाल्या, मग दोघं भांडून ग्रुपमधून बाहेर पडले. शेवटी स्वतःलाच दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर मीच दिलं: निळी.

१६ मार्च
लिहिला! सहा कागद फुकट गेले, पण सातवा कागद फ्रेम करावा असा. शीर्षक टाकानं लिहिलं, मजकूर पेनानं. सही सुंदररावांनी माझ्याच पेनानं केली, जाड, फर्राटेदार. चष्मा घरी राहिला होता म्हणून रंगाबद्दल बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "सही मोठी उमटली बे. कलेक्टरवाणी."
दुपारी कचेरीत दिला. कारकुनानं कागद पाहिला आणि माझ्याकडं जरा अदबीनंच पाहिलं. एक शब्द विचारला नाही. अक्षराचा प्रभाव.

२१ मार्च
उत्तर नाही. चांगली गोष्ट आहे. त्रुटी असती तर लगेच परत आला असता.

२८ मार्च, रंगपंचमी
पाणी नाही म्हणून रंग खेळायचा नाही असं गावानं ठरवलं. शेजारची बायनाबाई माझी बोटं पाहून ओरडली, "ह्यो बघा, चोरून खेळलेला गडी!" खुलासा केला. कुणी ऐकला नाही.
शेजारच्या गावाची छावणी परवा सुरू झाली. त्यांनी आपल्यानंतर अर्ज दिला होता. नीलम्मानं विचारलं, "आपलीच कावून न्हाई?" मी सांगितलं, आपला कागद वरच्या पातळीवर विचाराधीन असणार. ती उठून गोठ्यात गेली. कपिलीच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

१ एप्रिल, शुक्रवार
चन्नप्पाचा फोन. रविवारी पिकअप घेऊन येतो. नीलम्मानं फोन ठेवला आणि मला सोडून थेट सुंदररावांचं दार गाठलं. सुंदरराव तडक मोटरसायकलवर कचेरीत. मागं मी.
कारकुनानं कागद लगेच काढून दिला. साहेबांची सही होऊन आलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली होता. सोळा तारखेपासून. कारकून म्हणाला, "हिरव्या शाईचा कागद साहेबांकडून आलेला असतो. साहेबांकडं कशाला पाठवू? वरून सही एवढी मोठी!"
मी नम्रपणे सांगितलं की ही मोरपंखी आहे.
सुंदरराव माझ्याकडं वळले. "बे मन्मथ, तू साहेब कवा झाला? आन् मला कवा केलं?"
नवा ठराव त्यांनी मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहिला. बियाण्यांच्या दुकानात फुकट मिळालेल्या बॉलपेनानं. अक्षर असं की कोंबडी बरी. साहेब जागेवर होते. वाचून लगेच सही केली. हिरव्या शाईत.
खरं सांगायचं तर त्यांची हिरवी फार उथळ होती. हे तिथं बोललो नाही.

३ एप्रिल, रविवार
चन्नप्पाचा पिकअप आला, पण बाजारात न्यायला नाही, छावणीत पोचवायला. कपिली चढली, मागोमाग नीलम्मा अंथरूण घेऊन चढली. छावणीत जनावराजवळ माणसाला राहावं लागतं. मी म्हणालो, मी राहतो. ती म्हणाली, "नगं. तुमाला लिवायचं आसंल." रागानं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.
घरात मी आणि तीन बाटल्या. दिवसभर सलग वेळ मिळाला. एकही ओळ सुचली नाही.

४ एप्रिल
सुंदररावांनी छावणीत बोलावलं. प्रत्येक जनावराच्या शिंगावर नंबर टाकायचा आहे, तो मी टाकावा. म्हणजे अक्षरावरचा विश्वास कायम आहे. ब्रश दिला. मी विचारलं, रंग कोणता?
"हिरवा सोडून कुठला बी."
कपिलीपासून सुरुवात केली. नीलम्मानं तिचं डोकं धरलं. मी पांढऱ्या ऑइल पेंटनं सावकाश एकचा आकडा काढला, वरचं वळण जरा मोकळं ठेवून. नीलम्मा बघत होती. बरा आलाय, म्हणाली. तेवढ्यात कपिलीनं मान झटकली आणि एकाचा ओघळ झाला. कोरडी धूळ होती शिंगावर, रंग धरला नाही.
उद्या: शिंगं आधी फडक्यानं पुसून घेणे.