बेडकाची रेघ

प्रिय कल्याणीताई,

फोनच करणार होते. पण फोनवर तू लगेच 'जेवलीस का' सुरू करतेस आणि माझं सांगायचं राहूनच जातं. म्हणून राकेशदाजींच्या हाती हे पत्र देतेय. हातातलं काम ठेव आणि बसून वाच.

उन्हाळ्यात मी प्रयोगशाळेतून तुला ओरडून सांगितलं होतं ना, आपल्या नंदूचा पंप हलतोय म्हणून? पेशीपेशीत तो पंप असतो, सोडियम बाहेर टाकतो, पोटॅशियम आत घेतो. तिच्या पंपात जन्मतःच एका जागी चूक, म्हणून खेळता खेळता कधी डावं अंग लुळं पडतं, कधी उजवं. तोच चुकलेला पंप मी बेडकाच्या अंड्यात तयार करून घेतला, तारा टोचल्या, व्होल्टेज बदललं. पंप जिवंत असला की त्यातला विद्युतभार सरकतो आणि पडद्यावरची रेघ उडी मारते. मारली की उडी! तू तर बुद्धपौर्णिमेला विहारात पातेलंभर खीर वाटलीस. आणि नंदू हडपसरभर सांगत सुटली, मावशीच्या बेडकात माझा पंप आहे.

ताई, ती उडी तिची नव्हती गं. अंड्यात बेडकाचा स्वतःचाही पंप असतो. मोजायच्या आधी थोडं विष घालून त्याला गप्प करायचं असतं. नंदूचा पंप त्या विषाला दाद देणार नाही, असा आम्ही बनवलेला. मग उरेल ते तिचं. इतकं साधं! यावरून मी नव्या पोरींना झापते. आणि माझीच विषाची बाटली दिवाळीतली, पार निकामी झालेली. बेडकाचा पंप मजेत चालू, आणि मी टाळ्या पिटतेय. गाढव आहे मी.

गेल्या आठवड्यात विष ताजं केलं. बावीस अंडी मोजली. बावीसही सपाट. मंदावलेल्या पंपाला औषधानं रेटता येईल, एवढ्याच आशेवर आपण होतो. जो हलतच नाही त्याला काय रेटणार? पंपाची दुसरी, चांगली प्रत तिच्यात आहे, तेवढ्यावर ती चालते-बोलते. त्यापुढे माझ्याकडे काही नाही. फार रडले, ताई. तुझ्या तोंडावर हे सांगायची हिंमत नाही माझी.

परवा गुरुवारी तू नंदूला तिचा पंप बघायला आणणार आहेस. तिनं नवा फ्रॉकसुद्धा काढून ठेवलाय म्हणे. मला खोटं जमत नाही, त्यापायी मी किती जणांशी वाकडं घेतलं ते तुला माहीतच आहे. पण विष न घालता नुसत्या अंड्याला तारा टोचल्या तर रेघ अजून उडी मारते. ती कुणाची, हे सहा वर्षांच्या पोरीला काय कळणार? तुला विचारल्याशिवाय मात्र हात धजत नाही, म्हणून लिहायला बसले. दाखवू का गं तिला बेडकाची रेघ?

तुझी तोंडाळ धाकटी,
अक्षता