रिकाम्या डब्याची साइन

३ मार्च, सोमवार
सूनबाई, आधी तारीख घाल. परवा विसरलीस, तर तो दिवस आपल्या घरी उगवलाच नाही. ही वही वाचणारी तू एकटी, आणि तुला स्वतःची किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही. मला लिहिता येत नाही, पण विसरताही येत नाही.
आज ह्यांना पोटाच्या दुखण्यासाठी हॉस्पिटलात ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी दोन शब्द शिकवले. पेशंटला आतून जाणवतं आणि तो सांगतो, ते सिम्प्टम. दुखतं, मळमळतं वगैरे. त्याने न सांगता डॉक्टरला दिसतं, मोजता येतं, ती साइन. वजन, ताप, पिवळे डोळे. मला एका दमात कळलं. डॉक्टर व्हायची राहिले, एवढंच.

५ मार्च
ह्यांना एकही सिम्प्टम नाही! दुखतं का विचारलं, तर म्हणाले, छे. भूक? म्हणाले, सडकून. म्हणजे निम्मा आजार गेला. डॉक्टरीणबाई म्हणतात, आजी, वजन दोन किलो उतरलंय. काटा जुना असेल.
सोमवारी घरी आणायचं. गादी उन्हात घाल.

९ मार्च, रविवार
साइन माझ्याकडेही आहे. डबा! मऊ भात, भोपळा, दूध भरून जातो, चाटूनपुसून परत येतो. डॉक्टरीणबाईंना उघडून दाखवला. त्या डब्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. हरल्या.
ह्यांनी चारचौघांत माझा हात धरला. उभ्या जन्मात धरला नव्हता. बरं वाटायला लागलं की माणूस लाडात येतो.

१० मार्च
घरी आणणं गुरुवारवर. गादी आत घे. भात दुप्पट कर.

१४ मार्च
गुरुवार गेला.
बाजूच्या खाटेवरचा ट्रकवाला चांगला गुटगुटीत झालाय. आला तेव्हा काडी होता. त्याला भेटायला कुणी येत नाही. हॉस्पिटलचं जेवण मानवलं म्हणायचं.

१६ मार्च, रविवार
आज लवकर गेले. हे झोपलेले. ट्रकवाला माझ्या चमच्याने माझा भात खात होता. मला बघून रडायलाच लागला. म्हणाला, आजी, बाबांच्या घशाखाली पहिल्या दिवसापासून घास उतरत नाही. कळ आली की टॉवेल तोंडात धरतात. तुम्ही यायच्या वेळी तोंड धुऊन बसतात. डबा रिकामाच गेला पाहिजे, अशी मला शपथ घातलीय.
लिही तसंच. खोडू नकोस.
माझा गुडघा तीन वर्षं ठणकतोय. ह्यांनी विचारलं की मी म्हणते, छे. माझ्याकडूनच शिकले.

२१ मार्च
परवा सकाळी हे गेले.
आदल्या संध्याकाळी पुन्हा विचारलं, दुखतं का. म्हणाले, हो गं, फार. मी म्हटलं, माझाही गुडघा. मग दोघं बराच वेळ बसलो.
गादी राहू दे तिथेच.
ट्रकवाल्याला सोमवारी सोडणार आहेत. तोवर डबा चुकवू नकोस. भात मोकळा कर, मऊ नको. वर दोन उकडलेली अंडी दे. आणि भोपळा नको घालूस, तो त्याने ह्यांच्यासाठी खाल्ला.