फाटकाशी विरलेल्या संदेशाबाबत

प्रति,
मा. मुख्य नियंत्रक,
आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा,
नियंत्रण भवन, दुसरा मजला.

विषय : निलंबित चालकाने दिलेला कबुलीजबाब ग्राह्य न धरणेबाबत व गाड्यांतील वायरलेस संचांची पोच पुन्हा सुरू करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे सर्व अर्ज. २) "प्रकरण निकाली काढण्यात आले आहे" असे कळविणारे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार ही सदर चालकाची धाकटी बहीण असून एका खासगी प्रयोगशाळेत सॉफ्टवेअर लिहिते. हे काम नेमके कसले, ते घरात कुणालाच धड उमगले नव्हते. मनोऱ्यावरून निघालेला सिग्नल गाडीपर्यंत एकाच वाटेने येत नाही. थोडा सरळ येतो, थोडा भिंतीवर आपटून, थोडा काचेवरून, थोडा शेजारून जाणाऱ्या बसच्या पत्र्यावरून. हे तुकडे मागेपुढे पोहोचतात. कुठे एकमेकांना उचलून धरतात, कुठे एकमेकांचा काटा काढतात. जिथे काटा काढतात तिथे सिग्नल विरतो. हे विरणे संगणकावर हुबेहूब घडवून आणणे हे अर्जदाराचे काम. दोन संच लोखंडी पेट्यांत बंद करायचे, मधल्या तारेत संगणक बसवायचा, की टेबलावरच पूल, गल्ल्या, बोगदे उभे राहतात. वहिनी एकदा म्हणाली होती, "म्हणजे ऐकू न येण्याचा कारखानाच म्हण की!" दादा तेव्हा पोट धरून हसला होता. आता तो हसत नाही, म्हणून हा उल्लेख.

२. घटना आपणास ज्ञात आहे, तरी पुन्हा सादर करते. एका मोठ्या वसाहतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिंप्याच्या छातीत कळ आली. दादाने गाडी पुढच्या फाटकाशी आणून उभी केली. वीज गेल्याने लिफ्ट बंद होती. सोबतचा मदतनीस जिना चढून वर गेला तो दाराला कुलूप. कारण शेजाऱ्यांनी शिंप्याला खुर्चीत घालून मागच्या जिन्याने केव्हाच खाली उतरवले होते. शिंप्याच्या बायकोने नियंत्रण कक्षाला फोन केला. कक्षाने लगेच संदेश सोडला : "रुग्ण मागच्या फाटकाशी आहे, गाडी मागे घ्या." नियमाप्रमाणे दादा गाडीतच, संचापाशी बसून होता. संच मुका होता. वसाहतीच्या भिंतीवरून शिंप्याच्या बायकोला गाडीच्या टपावरचा फिरता दिवा दिसत होता. ती ओरडत होती, पण वसाहतीच्या जनरेटरच्या धडधडीत कोण ऐकणार? मदतनीस धापा टाकत खाली आला आणि गाडी मागे वळली, तोवर शिंपी गेला होता.

३. चौकशीत दादाविरुद्ध एकच पुरावा मांडण्यात आला : कक्षाच्या पडद्यावर तो संदेश हिरवा झाला होता. हिरवा म्हणजे पोहोचला. हिरवा झाला की चालकाला फोन करायचा नाही, असा आपल्याच कक्षाचा नियम आहे. अर्जदाराने कक्षातील बाईंना विचारले, की संदेश पोहोचल्याचे पडद्याला कळते कसे? त्या इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "पूर्वी संदेश मिळाला की गाडीतला संच उलट पोच द्यायचा. फार गर्दी होते म्हणून ते बंद केलं. आता सिग्नल कुठे पोहोचतो त्याच्या नकाशाच्या आत गाडी असली की आपोआप हिरवं होतं." हा नकाशाही सॉफ्टवेअरनेच काढलेला आहे, पण वसाहतीसमोर लाकडाची मोकळी वखार होती त्या काळचा. त्यात मनोरा आणि गाडी एकमेकांना सरळ दिसतात असे गृहीत धरले आहे. वखारीच्या जागी आता काचेचे दोन इमले उभे आहेत. सरळ वाट बंद झाली. उरले ते फक्त पडसाद.

४. अर्जदाराने पहिल्या अर्जासोबत नव्या इमल्यांसह त्या फाटकाचे संगणकी प्रतिरूप तयार करून जोडले. त्यात असे दिसते की, तिथे सिग्नल हातभर अंतरावर येतो आणि जातो. चालती गाडी सिग्नलचे असे खळगे झटक्यात ओलांडते. एखादा शब्द तुटतो, इतकेच. उभी गाडी मात्र नेमकी खळग्यात थांबली तर थांबलेलीच राहते. दादाने गाडी हातभर पुढे लावली असती तर संदेश ऐकू आला असता. आपले उत्तर आले : "प्रतिरूप काल्पनिक असल्याने विचारात घेता येत नाही. प्रत्यक्ष मोजमाप आवश्यक." नकाशाही तितकाच काल्पनिक आहे, हे अर्जदाराने विनम्रपणे निदर्शनास आणले. त्यावर तो मंजूर आहे असे कळविण्यात आले.

५. मग मोजमाप झाले. आपल्या तंत्रज्ञाने जीप फाटकाजवळच्या झाडाच्या सावलीत लावली आणि सिग्नल उत्तम असल्याची नोंद केली. अर्जदाराने त्यांना हात जोडले, की जीप जरा हळूहळू पुढे घ्या, मग बघा काटा कसा खाली येतो. गृहस्थ भला होता. म्हणाला, "ताई, मला एका ठिकाणी मोजायला सांगितलंय. गाडी हलवली की ते दुसरं ठिकाण झालं. त्याला वेगळी मंजुरी लागते." वेगळ्या मंजुरीसाठी केलेल्या अर्जावर, आधी मंजूर सॉफ्टवेअरमधून तसा निष्कर्ष काढून आणावा, असा शेरा मिळाला. मंजूर सॉफ्टवेअरमध्ये सरळ वाट काढून टाकायची सोयच नाही. तशी सोय करून घेण्यासाठी ज्या समितीकडे जावे, ती सर्व नकाशे अचूक असल्याचे ठरवून बरखास्त करण्यात आली आहे.

६. दादा घरात बसून होता. जेवायला बसला की घास हातात धरून म्हणायचा, "खरंच आला नव्हता गं संदेश?" वहिनी "नव्हता हो, नव्हता" म्हणून ताट पुढे सरकवायची. त्याची एकदाची खात्री पटावी म्हणून अर्जदार त्याला प्रयोगशाळेत घेऊन गेली. चौकशीच्या कागदांसोबत मिळालेले कक्षाचे ध्वनिमुद्रण तिने आपल्या प्रतिरूपातून सोडले. त्याच्या कानांवर हेडफोन होते. पडद्यावरची गाडी ती हातभर मागेपुढे करत होती : इथे बाईंचा आवाज स्वच्छ येतो, इथे विरतो, इथे नुसती खरखर, इथे पुन्हा येतो. दादा एकेक शब्द मन लावून ऐकत होता. त्याने पुन्हा लाव म्हटले, तिने लावले. तो आणखी एकदा म्हणाला, तिने आणखी एकदा लावले. परत येताना तो खिडकीला डोके टेकून झोपी गेला. अर्जदाराला वाटले, सुटला बिचारा.

७. पुढच्या आठवड्यात चहा ढवळता ढवळता दादा म्हणाला, "तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. 'गाडी मागे घ्या' म्हणताना त्या बाई जरा अडखळतात. मला हे कसं ठाऊक? म्हणजे मी तेव्हा ऐकलंच असणार." अर्जदाराने त्याला परोपरीने समजावले, की अरे दादा, ते तू माझ्या टेबलाशी ऐकलंस. तो मान हलवत राहिला. फाटकाशी काय आणि टेबलाशी काय, त्याच्या डोक्यात दोन्ही एक झाले होते. सरळ कुठून आले आणि आपटून कुठून आले, हे त्याला वेगळे करता येईना. तो स्वतः आपल्या कार्यालयात आला आणि "संदेश ऐकूनही दुर्लक्ष केले" असे लिहून देऊन गेला. आपण त्याच दिवशी प्रकरण निकाली काढले. यापूर्वी आपल्या कार्यालयाकडून इतक्या तत्परतेचा अनुभव आलेला नव्हता.

८. अर्जदार निदान शिंप्याच्या बायकोला खरे सांगावे म्हणून तिच्या दुकानी गेली. ती शिवणयंत्रावर वाकून चादरीच्या कडांना टीप मारत होती. सगळे ऐकून घेतल्यावर तिने पाय थांबवला आणि म्हणाली, "तुमचे भाऊ येतात अधूनमधून. या स्टुलावर बसतात, माफी मागतात. मी आधी हाकलून लावलं होतं. मग एकदा म्हटलं, जा, केलं माफ. त्या दिवसापासून मला थोडी झोप लागते. आता तुम्ही म्हणताय कुणाचीच चूक नव्हती. मग मी माफ कुणाला केलं?" बाईने यंत्र पुन्हा सुरू केले.

९. घरी वहिनीनेही निक्षून सांगितले आहे : "तो आता चार घास खातो. माफी मागून आला की शांत असतो. तुझं खरं तू तुझ्यापाशी ठेव." अर्जदाराला या दोघींचे म्हणणे खोडून काढता येत नाही. दादाला निर्दोष ठरवण्याची मागणी मागे घ्यावी, असे तिने हा अर्ज लिहिताना अनेकदा ठरवले. परंतु आपल्या पत्रात स्पष्ट म्हटले आहे की, चूक चालकाची असल्याचे सिद्ध झाल्याने यंत्रणेत बदल करण्याचे कारण उरत नाही. म्हणजे दादा दोषी राहिला तर संचांची पोच बंदच राहणार, आणि उद्या दुसऱ्या कुणाची गाडी दुसऱ्या कुठल्या खळग्यात उभी असताना पडदा हिरवा होणार. दादाला मिळालेली शांतता आणि त्या अनोळखी माणसाचा जीव, यांतले एक अर्जदाराने निवडायचे आहे. तिने निवडले आहे. बरोबर निवडले की नाही, हे तिला ठाऊक नाही.

१०. तरी विनंती की, सदर कबुलीजबाब ग्राह्य धरू नये व पोच पुन्हा सुरू करावी. दोन्ही मान्य होतील अशी अर्जदारास आशा नाही. या अर्जाचा निर्णय काहीही होवो, तो कृपया घरच्या पत्त्यावर पाठवू नये. घरी टपाल दादा उघडतो. अर्जदार स्वतः आपल्या कार्यालयात येऊन बाकावर बसून वाट पाहील.

आपली नम्र,
(सही)
अर्जदार, चालकाची धाकटी बहीण

दिनांक : आवक शिक्क्यानुसार

सोबत :
१) पुढच्या फाटकाचे प्रतिरूप व त्याचे निष्कर्ष (पूर्वी नाकारलेले).
२) कक्षाच्या ध्वनिमुद्रणाची प्रत. कृपया चालकास पुन्हा ऐकवू नये.
३) हा अर्ज विचारात घेऊ नये, अशी अर्जदाराच्या वहिनीची लेखी हरकत. ती अर्जदारानेच आणून जोडली आहे.