अव्वाचं ताट

लातूर, १४ नोव्हेंबर २०१४

चि. महादेवी,

आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार. हदगावकडं थंडी पडली असेल, लेकरांना जपा.

काल तुझ्या अव्वाच्या पोटात चतकोर भाकरी गेली. तिची खरी किंमत सांगतो: माझी अख्खी दुपार, तुझ्या गळ्याची खोटी शपथ आणि शेवटी तिचं रडणं.

मेस जोरात आहे. क्लासवाल्यांनी आणखी एक इमारत उठवली, पोरांची रांग रस्त्यापर्यंत जाते. गल्ल्यावर बसून नुसत्या ताटाच्या आवाजावरून मी सांगतो, कुणाचं पोट भरलं नि कोण लाजून उठलं. लाजणाऱ्याला हाक मारतो, "बस रे, उपाशी डोक्यात फिजिक्स राहत नसतंय." माझ्या कानाला चुकवून उपाशी कुणी गेलं नाही.

अव्वाला नांदेडला सत्यमकडं नेलं. आपल्याच मेसमध्ये जेवून डॉक्टर झालेला तो. सगळ्या तपासण्या केल्या. म्हणाला, "काका, दुसरा रोग सापडत नाही. भुकेचा निरोप मेंदूत फिरतो, पण तो धरणाऱ्या जागा वयानं कमी होतात. काकूंचं तसंच दिसतंय."

मी म्हणालो, "म्हणजे जेवणाची घंटा वाजते, पण पोरं खाली उतरत नाहीत?" तो हसला. त्या जागा पुन्हा बसवता येतात का विचारलं, तेव्हा हसला नाही.

भूकंपात तुझा भाऊ गेला, तेव्हा छावणीत तिसऱ्या दिवशी अव्वानं खिचडी मागितली. "पोरगं गेलं आन् मला भूक लागली ओ," म्हणत रडत खाल्ली. तिथंच तिनं चूल मांडली, तीच पुढं मेस झाली. आता म्हणते, "लागतच न्हाई, काय करू?" शांतपणे म्हणते, तेच सोसवत नाही.

नाकातून नळी घालायची का, सत्यमनं विचारलंय. ती नको म्हणते. तू ये. तुझ्या येण्यानं ती जेवेल म्हणून नव्हे. भेटून जा.

फोनवर तू विचारलंस, अप्पा, इतके दिवस तुम्हाला कळलं कसं नाही? मी पावसापाण्याचं बोललो. ती सगळ्यांच्या मागून, आत एकटीच जेवते, तुला ठाऊक आहे. रोज ताट वाजायचं, वाटी सरकायची. मी बाहेर निवांत. पंधरा दिवसांमागं लोणच्यासाठी आत गेलो. "झालंच माझं," म्हणाली.

वाटी ताटात फिरवत होती. ताट कोरडं होतं.

तुझा,
अप्पा