अमावस्येची मोजणी

गुरुवार, संध्याकाळ

बाथरूमच्या फरश्या बसवणारे रामजी मिस्त्री निघताना म्हणाले, "दीदी, कल नहीं आऊँगा. अमावस को हम मिस्त्री-मजदूर छुट्टी रखते हैं."

कॅलेंडर काढून पाहिलं. शहरात येणाऱ्या नव्या सकाळच्या गाडीचा थांबा ठरवायला, रेल्वेतर्फे, शहराबाहेरच्या कानोता स्टेशनवर प्रवासी मोजायला मी गेल्या महिन्यात गेले, ती अमावस्याच! प्लॅटफॉर्मवर फक्त एक झोपलेलं कुत्रं. 'इथे थांब्याची गरज नाही' असं मीच लिहून दिलं. कुणाला साधं विचारलं का नाही मी?

उद्या साहेबांना सांगेन. ऐकतील? ते कुत्रं डोळ्यांपुढून हलत नाही.

रामजी कानोत्याचेच. रोज जीपला लटकून, आग्रा रोडच्या कोंडीतून येतात. आणि कालच मी त्यांना सुनावलं होतं, "भैया, घर से जल्दी निकला करो."