पहिल्या पंगतीतली जागा

रविवारी वाटूरला प्रियदर्शनीच्या वडिलांनी आपल्या ताटातली अर्धी भाकर मोडून माझ्या ताटात टाकली, तिथून पुढं मी आमच्या घरचा राह्यलो न्हाई. सबब मी, अंगद बद्रीनाथ बोबडे, वय एकवीस, राहणार तीर्थपुरी, डोकं तापलेलं पण ठिकाणावर असताना स्वखुशीने लिहून ठेवतो. मरायला चाललो न्हाई, वाटूरला कामाला चाललो. पण वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मला मेलेला ठरवलं, तर वाटणी बराबर झालेली बरी.

तिच्या घरी सगळे गोल बसून जेवतात, तिची आईसुद्धा. प्रियदर्शनी समोर होती, त्यामुळं भाजी कशाची होती ते सांगता येत न्हाई. आमच्याकडं आई मागून, चुलीपाशी, गार भाकरीवर.

काल मी हात आखडून बसलो. "आई बसल्याबिगर घास घेणार न्हाई."

"मला भूकच न्हाई रे," आई म्हणाली.

अण्णा भडकले. "कॉलेज अर्ध्यात सोडलं अन् घरात मास्तर झाला! कोण शिकवून राह्यलं तुला?"

"प्रियदर्शनी. लग्न करणारे तिच्याशी."

"मंग तिथंच जेव. मेलास तू मला!"

१. पहिल्या पंगतीतली माझी पंख्याखालची जागा, गरम भाकरीच्या हक्कासहित, आई गोजरबाई हिला कायमची. "भूक न्हाई" म्हणून ती सोडण्याचा तिला अधिकार नाही.

२. मोटारसायकल चुलतभाऊ संपतला. पेट्रोल त्यानं जन्मात टाकलं न्हाई, आता टाकावं.

३. कॉलेजची पुस्तकं बहीण तृप्तीला. बिलकुल कोरी आहेत.

४. टीव्ही अण्णांना. जेवताना सोबत होते, अन् तो उलट बोलत न्हाई.

एकत्र जेवल्यानं काय होतं, असं अण्णा विचारतील. ज्याच्याशी भांडण, त्यालाच लोणचं मागावं लागतं. एवढं पुष्कळ झालं.

अट: अण्णा आईशेजारी बसून एक वेळ जेवले, तर हे मृत्युपत्र रद्द. मी जिवंत होऊन येईन, प्रियदर्शनीला घेऊन.

साक्षीदार: तृप्ती बद्रीनाथ बोबडे, संपत वसंता बोबडे (पेट्रोलचं कलम नामंजूर)
सही: अंगद
तीर्थपुरी, २४ जून २०२५, दुपार

ता. क. सही वाळायच्या आत आईनं ताट वाढून घेतलं अन् पंख्याखाली बसली. अण्णा हात धुऊन आले, ते उभेच आहेत. मी समोर असेपर्यंत हा माणूस बसणार न्हाई. निघतो. दार ओढून घेतो.